वांग, आन

वांग, आन : (७ फेब्रुवारी १९२०–२४ मार्च १९९०). चिनी-अमेरिकन विद्युत् अभियंते, संगणकाच्या चुंबकीय स्मृतीचे एक आद्य संशोधक व वांग लॅबोरेटरीज या उद्योगसंस्थेचे संस्थापक. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस प्रशिक्षणासाठी अमेरिकेत गेलेला हा तरुण अभियंता पुढे तेथेच स्थायिक झाला आणि ६०० डॉलरच्या शिलकीवर त्याने सुरू केलेला व्यवसाय ३०,००० हून अधिक माणसांना रोजगार देणारा ठरला. स्थलांतरितांच्या यशाच्या कथा अमेरिकेत पुष्कळ आहेत. वांग यांचे चरित्र त्यांहून वेगळे ठरते ते दोन गोष्टींमुळे : जुना धंदा तेजीत असतानाच तो सोडून नव्याकडे वळण्याचे विलक्षण धैर्य त्यांच्या अंगी होते आणि आपली संस्था दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायची नाही, हा निर्धार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. पहिल्या गुणाने त्यांची कंपनी वाढली. दुसऱ्याने तिला प्रथम सावरले व अखेर अडचणीत आणले.

वांग यांचा जन्म शांघाय येथे झाला. पाच भावंडांत ते थोरले. घराण्याचे मूळ गाव शांघायच्या पश्चिमेस असलेले ज्यांगसू प्रांतातील कुन्शान हे होय. वडील इंग्रजीचे शिक्षक होते आणि परंपरागत वनौषधींचे वैद्यकही करीत. ज्या शाळेत ते शिकवीत तेथे पहिली व दुसरी हे वर्गच नव्हते. त्यामुळे आन यांना सहाव्या वर्षी एकदम तिसरीत बसविण्यात आले आणि संपूर्ण विद्यार्थिदशेत ते सहाध्यायांपेक्षा दोन वर्षांनी लहान राहिले. गणित व विज्ञान या विषयांत ते आघाडीवर असत, इतर विषयांत मात्र त्यांची प्रगती बेताचीच असे. सोळाव्या वर्षी त्यांनी शांघायच्या च्याओ-तुंग विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत सर्वाधिक गुण मिळविले व विद्युत् अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम निवडला. चीनमधील तांत्रिक शिक्षणाच्या क्षेत्रात या विद्यापीठाचे स्थान अग्रगण्य होते.

१९३७ मध्ये जपानने शांघायवर आक्रमण केले. विद्यापीठाला आपले स्थान सोडून शहरातील फ्रेंच वसाहतीचा आश्रय घ्यावा लागला. भोवती युद्ध चालू असताना या वसाहतीत शिक्षण चालू राहिले आणि १९४० मध्ये वांग पदवीधर झाले. वर्षभर विद्यापीठात अध्यापन-साहाय्यक म्हणून काम केल्यावर १९४१ मध्ये ते स्वेच्छेने चीनच्या अंतर्भागातील ग्वेलिन येथे गेले आणि तेथील सरकारी रेडिओ कारखान्यात चिनी सैन्यासाठी प्रेषक व ग्राही यंत्रांचे आराखडे तयार करू लागले. आवश्यक सुटे भाग मिळत नसत. हाताशी येईल त्या सामग्रीतून यंत्र उभे करावे लागे. कोणत्या वस्तूवाचून काम अडणार नाही हे ओळखण्याची त्यांची पुढील काळातील हातोटी बहुधा येथेच घडली असावी. १९४४ मध्ये जपानी सेना ग्वेलिनकडे सरकू लागल्यावर त्यांना चुंगकिंगला जावे लागले. युद्धाच्या या काळात त्यांचे आईवडील व एक बहीण मरण पावली.

युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी काही शे चिनी अभियंत्यांना प्रशिक्षणार्थ अमेरिकेस पाठविण्याची योजना चीनच्या राष्ट्रवादी सरकारने आखली होती. तिच्या स्पर्धापरीक्षेत वांग यशस्वी झाले. १९४५ मध्ये विमानाने हिमालय ओलांडून ते भारतात आले आणि येथून जहाजाने प्रवास करून जून महिन्यात अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज बंदरात उतरले. त्या वेळी चिनी माणसाची अमेरिकेतील कायदेशीर स्थिती कशी होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना त्या देशाची दारे बंद झाली होती व चिनी माणसाला नागरिकत्वही मिळत नसे. हा कायदा १९४३ मध्ये, चीन हा युद्धातील मित्रदेश झाल्यावर रद्द करण्यात आला. तरीही त्यानंतर साऱ्या चिनी वंशीयांसाठी मिळून वर्षाला केवळ १०५ प्रवेशपरवाने ठरवून देण्यात आले. अमेरिकेत राहणारा चिनी माणूस म्हणजे धुलाईघर किंवा उपाहारगृह चालविणारा, हा समज दृढ होता. तो खोडून काढण्याची इच्छा हे आपल्या उद्योगामागील एक कारण होते, असे वांग यांनी पुढे आत्मचरित्रात म्हटले आहे.

प्रशिक्षणार्थ आलेल्या अभियंत्यांनी कारखान्यांतून निरीक्षण करीत हिंडावे, अशी अपेक्षा होती. वांग यांनी त्याऐवजी हार्व्हर्ड विद्यापीठात प्रवेश मागितला. युद्धामुळे तेथील वर्ग ओस पडले होते, त्यामुळे तो सहज मिळाला. १९४६ मध्ये ते पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाले. मधल्या काळात चिनी सरकारच्या कॅनडातील पुरवठा कार्यालयात त्यांनी कारकुनी केली. त्या कामाला कंटाळून ते हार्व्हर्डला परतले आणि १९४८ मध्ये त्यांनी उपयोजित भौतिकीत डॉक्टरेट मिळविली. याच सुमारास चीनमधील यादवी युद्धात साम्यवादी पक्षाचे पारडे जड होत चालले होते. वांग यांनी मायदेशी न परतण्याचा निर्णय घेतला. १९४९ मध्ये मूळच्या शांघायच्याच लॉरेन च्यू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्यास दोन मुलगे व एक मुलगी अशी तीन अपत्ये झाली. पुढे १९५० नंतरच्या दशकात वांग यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

चुंबकीय स्मृती : १९४८ च्या मे महिन्यात वांग हार्व्हर्डच्या संगणन प्रयोगशाळेत दाखल झाले. प्रयोगशाळेचे प्रमुख हॉवर्ड एकेन हे मार्क मालिकेतील अवाढव्य गणनयंत्रांचे निर्माते होते. त्यांनी वांग यांच्यापुढे प्रारंभीच एक प्रश्न ठेवला : कोणत्याही भागाची यांत्रिक हालचाल न होता माहिती चुंबकीय पद्धतीने नोंदविता व वाचता येईल काय ? त्या काळी संगणकाची खरी अडचण आकडेमोडीच्या वेगाची नव्हती. निर्वात नलिकांच्या साहाय्याने बेरीज-वजाबाकी पुरेशा जलद होत. परंतु मधली उत्तरे साठवून ठेवायची कोठे, हा पेच होता. पाऱ्याच्या नळीतून ध्वनितरंग फिरते ठेवणे, दूरचित्रवाणीच्या नलिकेसारख्या नलिकेच्या पडद्यावर विद्युत् भाराचे ठिपके उमटविणे, सतत फिरणाऱ्या चुंबकीय पिंपावर नोंदी करणे असे नाना उपाय चालू होते. यांपैकी काही नाजूक होते, तर काही मंद.

लोखंड-निकेलच्या विशिष्ट मिश्रधातूच्या लहान कडीभोवती तारेचे वेटोळे घालून त्यातून विद्युत् प्रवाह सोडला, तर कडी चुंबकित होते आणि प्रवाह थांबला तरी तशीच राहते. प्रवाहाची दिशा उलटी केली की कडीतील चुंबकत्वाचीही दिशा उलटते. एका दिशेस १ व दुसरीस ० मानले, तर एक कडी एक द्विमान अंक लक्षात ठेवू शकते, आणि त्यासाठी तिला अखंड वीज पुरवावी लागत नाही. येथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण येते ती वाचताना. कडीची चुंबकीय दिशा कोणती हे बाहेरून समजत नाही. ते जाणण्यासाठी तिच्यात ठरावीक दिशेने प्रवाहाचा एक झटका द्यावा लागतो. दिशा बदलली तर दुसऱ्या वेटोळ्यात विद्युत् स्पंद उमटतो, न बदलली तर जवळजवळ काहीच उमटत नाही. मात्र, या परीक्षेत कडीतील मूळ नोंद पुसली जाते. वाचण्याची क्रियाच वाचायची गोष्ट नष्ट करते. अशी स्मृती निरुपयोगी, असा निष्कर्ष साहजिकच निघतो.

सुमारे तीन आठवडे वांग या प्रश्नापाशी अडून होते. नोंद नष्ट न करता वाचण्याची युक्ती ते शोधीत होते. एके दिवशी विद्यापीठाच्या आवारातून जाताना त्यांच्या ध्यानात आले, की नोंद नष्ट होण्याला आपण व्यर्थ भीत आहोत. वाचताक्षणीच ती काय होती हे कळलेले असते. तेव्हा लगेच ती पुन्हा लिहून ठेवली म्हणजे काम झाले. चुंबकीय दिशा बदलण्यास सेकंदाचा अत्यल्प अंश पुरतो, त्यामुळे वाचन व पुनर्लेखन या जोडीला फारसा वेळ लागत नाही. कल्पना इतकी साधी आहे, की सांगितल्यावर ती कोणालाही सुचली असती असे वाटते. परंतु प्रश्नाच्या मांडणीतच खोट आहे हे ओळखणे सोपे नसते. वांग यांनी या तत्त्वावर कड्यांची साखळी बनविली. तीत प्रत्येक अंकाची नोंद एका कडीतून पुढच्या कडीत सरकत जाई. या कामात त्यांचे सहकारी वे-डाँग वू हेही शांघायचेच होते. दोघांचा शोधनिबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला व १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या हार्व्हर्डच्या मार्क ४ या यंत्रात या स्मृतीचा उपयोग करण्यात आला.

चुंबकीय कड्यांच्या स्मृतीचे सर्व श्रेय वांग यांना देण्याची काही लेखकांची प्रवृत्ती आहे, ती बरोबर नाही. साखळीत हवी ती नोंद मिळण्यासाठी ती सरकत येईपर्यंत थांबावे लागे. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील जे फॉरेस्टर यांनी कड्या उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत ओवल्या. जाळीतील एक उभी व एक आडवी तार निवडून दोहोंतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला, की त्यांच्या छेदावरील एकाच कडीची दिशा बदलते व कोणतीही नोंद तत्काळ हाती येते. व्यवहारात सार्वत्रिक झाली ती ही रचना. मात्र वाचल्यावर पुन्हा लिहिणे हे वांग यांचे तत्त्व तिलाही आवश्यक होते. अशा प्रकारे अनेकांच्या कामातून सिद्ध झालेली ही स्मृती सुमारे वीस वर्षे संगणकाचा आधार होती. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानांतील संगणकांतही चुंबकीय कड्याच होत्या. १९७० नंतर अर्धसंवाहक चकत्यांवरील स्मृती स्वस्त होत गेल्यावर तिची जागा या नव्या साधनाने घेतली.

पेटंट व व्यवसायाची सुरुवात : हार्व्हर्डच्या तत्कालीन नियमांनुसार अशा शोधावरील हक्क संशोधकाला घेता येत असे. वांग यांनी १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढे संगणकाच्या क्षेत्रातून विद्यापीठाने आपले लक्ष काढून घेण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि जून १९५१ मध्ये बोस्टन शहरात स्वतःचा व्यवसाय सुरू केला. भांडवल ६०० डॉलर, एक टेबल, एक खुर्ची आणि दूरध्वनी. हाताखाली कोणी नव्हते व हाती मागणीही नव्हती. प्रयोगशाळांना चुंबकीय कड्या विकणे आणि मागणीप्रमाणे मोजणीची व नियंत्रणाची यंत्रे बनवून देणे, असे कामाचे स्वरूप होते. १९५५ मध्ये व्यवसायाचे कंपनीत रूपांतर झाले. विद्यापीठातील जुने मित्र गे-याओ चू या वेळी त्यांच्याबरोबर होते.

इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स (आयबीएम) या बलाढ्य कंपनीने १९५३ पासून वांग यांना सल्लागार नेमले होते. आपल्या संगणकांत चुंबकीय कड्या वापरायच्या म्हणजे वांग यांच्या हक्कांची वाट लावावी लागणार, हे ती जाणून होती. पेटंट १९५५ च्या मे महिन्यात मंजूर झाले आणि पुढच्या वर्षी वांग यांनी ते या कंपनीस ५ लाख डॉलरना विकले. मात्र त्यातील १ लाख डॉलर एका प्रतिस्पर्धी संशोधकाच्या दाव्याच्या निकालावर अवलंबून ठेवण्यात आले. या वादात वांग यांना एका मुद्द्यावर माघार घ्यावी लागली व ती रक्कम त्यांच्या हाती आली नाही. वाटाघाटींत आपल्यावर दडपण आणले गेले, अशी त्यांची भावना होती. हा सल त्यांच्या मनातून कधी गेला नाही. १९७८ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी दूरचित्रवाणीवर त्यांच्या कंपनीची जाहिरात झळकली, तीत आपली कंपनी बायबलमधील डेव्हिड आणि आयबीएम हा राक्षस गोलायथ, असेच रूपक होते.

मिळालेल्या पैशाने कंपनी तगली, पण श्रीमंत झाली नाही. १९५९ मध्ये यंत्रावजारे बनविणाऱ्या वॉर्नर अँड स्वेझी या कंपनीकडून भांडवल घेताना वांग यांना ५० हजार डॉलरच्या मोबदल्यात कंपनीचा एक-चतुर्थांश हिस्सा द्यावा लागला. इतक्या अल्प रकमेत इतका मोठा वाटा दिल्याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. १९६२ मध्ये वृत्तपत्रांच्या मजकुराच्या ओळी आपोआप समान लांबीच्या करून देणारे लिनासेक हे यंत्र त्यांनी तयार केले. ते चांगले खपले. परंतु विक्री दुसऱ्या कंपनीच्या हाती होती आणि थोड्याच काळात त्या कंपनीने स्वतःच ते बनविण्यास सुरुवात केली. या अनुभवांनंतर वांग यांचे दोन नियम ठरून गेले : ग्राहकापर्यंत आपणच पोहोचायचे व मालकी सोडायची नाही. न्यूयॉर्कच्या शे क्रीडांगणावरील अंकीय नियंत्रणाचा धावफलक (१९६४) ही या काळातील आणखी एक निर्मिती होय.

गणनयंत्रे : कंपनीचे भाग्य उघडले ते लॉगरिथमामुळे. दोन संख्यांच्या लॉगरिथमांची बेरीज केली, की त्यांच्या गुणाकाराचा लॉगरिथम मिळतो. शाळेतील कोष्टके व अभियंत्यांची सरकपट्टी यांचे हेच तत्त्व. १९६० नंतरच्या काही वर्षांत ट्रँझिस्टर महाग होते. गुणाकार-भागाकार थेट करणाऱ्या विद्युत् मंडलास ते फार लागत. बेरजेचे मंडल पुष्कळच लहान असे. तेव्हा यंत्रानेच संख्येचा लॉगरिथम काढावा, बेरीज करावी व उत्तर परत संख्येत रूपांतरित करावे, असा मार्ग वांग यांनी घेतला. लॉगरिथम काढण्याची त्यांची रीतही चतुर होती. ज्यांनी गुणणे केवळ अंक सरकवून व वजाबाकी करून साधते अशा मोजक्या गुणकांत दिलेली संख्या फोडायची (उदा., एखाद्या संख्येस ०·९९ ने गुणणे म्हणजे तिच्यातून तिचाच शंभरावा भाग वजा करणे), प्रत्येक गुणक किती वेळा लागला ते मोजायचे आणि त्या गुणकांच्या आधीच साठवून ठेवलेल्या लॉगरिथमांची तितक्या वेळा बेरीज घ्यायची. कोष्टकाचे काम अशा रीतीने पाच-सहा संख्यांत आटोपते. घातांक व वर्गमूळ यांची उत्तरेही याच यंत्रणेतून मिळतात.

या तत्त्वावरील लोसी हे यंत्र १९६५ मध्ये बाजारात आले. किंमत ६,५०० डॉलर होती. संगणक परवडत नाही व यांत्रिक गणनयंत्र पुरत नाही, अशा प्रयोगशाळांनी ते उचलून धरले. पुढच्याच वर्षी आलेले ३०० क्रमांकाचे प्रतिरूप १,६९५ डॉलरना मिळे व चालविण्यास बरेच सोपे होते. कळफलक मेजावर ठेवायचा आणि मंडले असलेली पेटी बाजूस. एका पेटीला अनेक कळफलक जोडता येत. शास्त्रज्ञांबरोबर शाळा, विमा कंपन्या व मोटारविक्रेतेही ग्राहक झाले. २३ ऑगस्ट १९६७ रोजी कंपनीचे भाग प्रथमच जनतेसाठी विक्रीस निघाले. १२·५० डॉलरना दिलेला भाग दिवसाअखेर ४० डॉलरच्या वर गेला. वांग कुटुंब एका दिवसात कोट्यधीश झाले.

नेमक्या याच सुमारास वांग यांनी पुढचा धोका हेरला. समाकलित मंडलांमुळे साऱ्या गणनयंत्राचे काम एका चकतीवर येणार, ती चकती कोणीही विकत घेऊ शकणार व किंमत कोसळणार, हे त्यांना दिसत होते. गणनयंत्रे हाच कंपनीचा मुख्य आधार होता आणि विक्री उत्तम चालली होती. तरीही १९७१ च्या सुमारास त्यांनी या धंद्यातून अंग काढून घेण्यास प्रारंभ केला. थोड्याच वर्षांत खिशातील गणनयंत्रे अत्यल्प किंमतीत मिळू लागली व या व्यवसायातील अनेक कंपन्या बुडाल्या. उद्योजक म्हणून वांग यांचा सर्वांत मोठा निर्णय कोणता, असे विचारल्यास एखाद्या नव्या यंत्राआधी या माघारीचा उल्लेख करावा लागेल.

शब्दप्रक्रिया यंत्रे : कार्यालयातील टंकलेखन हे नवे क्षेत्र निवडण्यात आले. १९७१ च्या अखेरीस जाहीर झालेल्या १२०० या यंत्रात विद्युत् टंकलेखन यंत्राला ध्वनिफितींसारख्या कॅसेटची जोड दिली होती. फितीवर नोंदलेल्या मजकुरात दुरुस्ती करून तो पुन्हा टंकित करता येई, पण मजकूर डोळ्यांना दिसत नसे. १९७६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडलेल्या प्रणालीने ही उणीव दूर केली. पत्राचा मजकूर पडद्यावर दिसू लागला. शब्द गाळणे, परिच्छेद हलविणे ही कामे कागदाला हात न लावता होऊ लागली आणि पुढे काय करायचे याचे पर्याय पडद्यावरच वाचता येऊ लागले. हॅरल्ड कॉपलो व डेव्हिड मोरॉस या अभिकल्पकांनी यंत्राच्या आधी ते वापरणाऱ्यासाठीची माहितीपुस्तिका लिहिली व मग तिच्याबरहुकूम यंत्र बनविले. टंकलेखनिकेला संगणकशास्त्र शिकावे लागू नये, हा त्यामागील विचार. प्रत्येक मेजावरील पडद्यास स्वतंत्र प्रक्रियक दिल्याने अनेकजण एकाच वेळी काम करू लागले तरी गती मंदावत नसे. अमेरिकेतील मोठ्या कार्यालयांत वांग हे नाव शब्दप्रक्रियेचे जवळजवळ समानार्थी झाले. १९७३ चा २२०० व १९७७ चा व्हीएस हे लघुसंगणकही यशस्वी ठरले.

१९७६ मध्ये कंपनीचे मुख्यालय मॅसॅचूसेट्समधील लोएल येथे गेले. कापडगिरण्यांचे हे जुने शहर. गिरण्या दक्षिणेकडील राज्यांत निघून गेल्यापासून दीर्घकाळ बेकारीने ग्रासलेले होते. तेथे तीन उंच मनोरे उभे राहिले व हजारो लोकांना काम मिळाले. बोस्टनच्या चिनी वस्तीतही वांग यांनी एक कारखाना काढला. १९८५ च्या आसपास कंपनीची वार्षिक विक्री दोन अब्ज डॉलरच्या वर गेली होती. अमेरिकेतील सर्वांत धनाढ्य व्यक्तींच्या १९८४ च्या यादीत वांग पाचवे होते.

मालकीचा प्रश्न : वाढत्या कंपनीस भांडवल हवे होते, पण नवे भाग विकले की कुटुंबाचे मताधिक्य घटणार. १९७६ मध्ये वांग यांनी यावर तोडगा काढला. अधिक लाभांश पण एक-दशांश मत असलेले वेगळ्या वर्गाचे भाग त्यांनी विक्रीस काढले. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराने हे मान्य केले नाही, म्हणून त्यांनी कंपनीची नोंदणीच अमेरिकन शेअरबाजारात हलविली. बाहेरच्यांनी कंपनी गिळंकृत करण्याचे भय त्यामुळे उरले नाही. तोट्याच्या काळात संचालकांना जाब विचारणारेही त्यामुळेच कोणी उरले नाही, हे पुढे दिसून आले.

आयबीएमचा व्यक्तिगत संगणक १९८१ मध्ये आला. त्याच्यावर चालणाऱ्या स्वस्त आज्ञावलींनी शब्दप्रक्रिया हे अनेक कामांपैकी एक काम करून टाकले. केवळ तेवढ्यासाठी महागडे यंत्र घेण्याचे कारण उरले नाही. वांग कंपनीनेही १९८२ मध्ये व्यक्तिगत संगणक काढला, परंतु तो आयबीएमच्या यंत्राशी जुळणारा नव्हता. गणनयंत्रांच्या बाबतीत जे वांग यांनी पाच वर्षे आधी ओळखले होते, ते येथे डोळ्यांसमोर घडत असताना त्यांच्या कंपनीने ओळखले नाही. १९८३ मध्ये एकाच दिवशी चौदा नव्या निर्मिती जाहीर करण्यात आल्या, पण त्यांतील अनेक वेळेवर तयारच झाल्या नाहीत व ग्राहकांचा विश्वास डळमळला. कंपनीचे अध्यक्ष जॉन कनिंगहॅम १९८५ मध्ये सोडून गेले. कुटुंबाबाहेरील माणसाला सर्वोच्च स्थान मिळणार नाही, ही समजूत आत पक्की होती. १९८६ मध्ये वांग यांनी थोरले पुत्र फ्रेडरिक यांना अध्यक्षपदी बसविले. बापाने उभारलेले मुलाने सांभाळावे, ही भावना आपल्याकडील पेढ्यांतूनही परिचित आहे. चिनी परंपरेत ती अधिकच दृढ होती. फ्रेडरिक यांच्या वाट्याला मात्र उतरता काळ आला. १९८९ च्या आर्थिक वर्षात ४२ कोटी ४० लाख डॉलरचा तोटा झाला. कर्करोगावरील शस्त्रक्रियेतून नुकतेच उठलेल्या वांग यांनी त्या ऑगस्टमध्ये मुलाचा राजीनामा घेतला व बाहेरील तज्ञ रिचर्ड मिलर यांची नेमणूक केली.

वांग यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग सार्वजनिक कार्यास दिला. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी त्यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेली संस्था अशा प्रकारच्या पहिल्या काही संस्थांपैकी एक होती. खर्च न पेलल्याने ती १९८७ मध्ये बंद झाली. बोस्टनमधील जुन्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहाच्या जीर्णोद्धारास त्यांनी ४० लाख डॉलर दिले व १९८३ पासून ते त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मॅसॅचूसेट्स सर्वसाधारण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागालाही त्यांनी साहाय्य केले. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त १९८६ मध्ये अमेरिकेत जन्म न झालेल्या बारा नागरिकांना देण्यात आलेले स्वातंत्र्यपदक त्यांना मिळाले. त्याच वर्षी त्यांचे लेसन्स हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९८८ मध्ये राष्ट्रीय संशोधकांच्या सन्मान्य सूचीत त्यांचा समावेश करण्यात आला.

बोस्टन येथे वांग यांचे निधन झाले. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, ऑगस्ट १९९२ मध्ये, कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. लोएलचे मनोरे बांधण्यास सुमारे ६ कोटी डॉलर लागले होते. १९९४ मध्ये लिलावात त्यांना ५ लाख २५ हजार डॉलर आले. यंत्रनिर्मिती सोडून सॉफ्टवेअर व सेवा पुरविणारी कंपनी म्हणून वांग लॅबोरेटरीज काही वर्षे टिकून राहिली आणि १९९९ मध्ये गेट्रॉनिक्स या डच कंपनीने ती विकत घेतली.